वास आला तर उंबरा नाही

साहेब, तुम्ही खोटं बोललात. आमच्या गावात तुम्ही दोन भाषणं केलीत, दोन्ही वेळा टाळ्या घेतल्यात, दोन्ही वेळा माईक तोच होता आणि टॉवेल टाकलेली खुर्चीही तीच. त्या दोन भाषणांतलं एक खोटं आहे. कोणतं, ते मला माहीत नाही. गावालाही माहीत नाही. आणि जिला ते कळल्यावाचून गत्यंतर नाही ती बाई सध्या रोजची रात्र मारुतीच्या ओट्यावर काढते. मी जीप चालवतो. जे बघितलं, जे कानावर आलं, ते सांगतो. तुम्ही फक्त शेवटपर्यंत वाचा. मधेच चहा मागवू नका.

पहिलं भाषण तुम्हाला आठवत नसेल, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

आमची जांभुळवाडी गंगापूर धरणाच्या अंगाला आहे. गाव फुलांचं आणि भाज्यांचं. झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर. पहाटे तोडायचं, नाशिकला गणेशवाडीच्या फूलबाजारात न्यायचं, दुपारी मोकळ्या पाट्या घेऊन परत यायचं. परत येताना वाटेत नाथाचं दुकान लागायचं. देशी दारूचं. पाटीवर 'सरकारमान्य' हा शब्द दुकानाच्या नावापेक्षा मोठा होता. नाथा म्हणायचा, "मी कुठं विकतो? सरकार विकतंय, मी नुसता बाटली उचलून देतो."

ओट्यावर रात्र काढणारी ती बाई म्हणजे सिंधुबाई, आणि त्यांचा नवरा पुंजाराम. माणूस मऊ, पण दुकानासमोर आला की पाय आपोआप वळायचे. एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो झेंडूच्या पाट्या घेऊन गेला आणि रिकाम्या हातांनी, झुलत आला. फुलं कुठं विकली, कितीला विकली, त्याला सांगता येईना. सिंधुबाईंनी त्याला दारातच थांबवलं. म्हणाल्या, "हा करा."

"काय?"

"तोंड उघडा आन् हाऽ करा."

त्यानं केला. सिंधुबाईंनी वास घेतला आणि दार लावलं. पुंजाराम रात्रभर मारुतीच्या ओट्यावर होता. ताट मात्र त्याला ओट्यावर नेऊन दिलं. भाकरी, मिरचीचा ठेचा, वर कांदा. उपाशी ठेवलं नाही. पण उंबरा ओलांडू दिला नाही.

तिथून नियम पडला. दुसऱ्या बायकांनी तो उचलला आणि बघता बघता गावाचा झाला. संध्याकाळी दारात हा करायचा. वास आला तर उंबरा नाही, ताट ओट्यावर. बाप असो, भाऊ असो, नवीन लग्न झालेला नवरा असो. मीही बसलोय त्या ओट्यावर, माझ्या बायकोनं ताट आपटून ठेवलं होतं. बापे मंडळींनी पेरूचा पाला खाल्ला, बडीशेप खाल्ली, कांदे चावले. पेरूचा पाला चावून जो आला त्याला तर वास न घेताच ओट्यावर पाठवायला लागल्या. गावातली पोरं सुद्धा 'हा कर, हा कर' असा खेळ खेळायची. हसू नका. त्या एका नियमानं गाव निम्मं सुधारलं होतं, आणि त्यासाठी तुमच्या खात्याचा एक कागद लागला नव्हता.

मग त्या नियमाच्या जोरावर बायका नाथाच्या दुकानावरच्या मतदानाला उभ्या राहिल्या. दुकान चालू ठेवायचं तर उभ्या बाटलीवर शिक्का, बंद करायचं तर आडव्या बाटलीवर. बायकांनी बाटली आडवी केली. नाथाचं दुकान गेलं. तुम्ही आलात, सिंधुबाईंना शाल दिलीत, नारळ दिलात, आणि माईक हातात धरून म्हणालात, "दारू ती दारूच! रंग कोणताही असो, बाटली कोणतीही असो. आणि बायांनो, दारूचा प्रश्न घरगुती नसतो. तो गावाचा प्रश्न असतो, सरकारचा प्रश्न असतो!" टाळ्या पडल्या. सर्वात जोरात सिंधुबाईंनी वाजवल्या. हे एक.

आता दुसरं.

गावाच्या वरच्या माळावर एका कंपनीनं द्राक्षं लावली होती. नव्वदीच्या शेवटी शेवटी. आम्ही खातो ती लांबट हिरवी द्राक्षं नव्हेत. बारीक काळे मणी, सालच जाड, आत बियाच बिया. पोरांनी एकदा चोरून खाल्ली आणि दुसऱ्यांदा चोरायला गेली नाहीत. मतदानानंतर दोन वर्षांनी त्या माळावर वायनरी पूर्ण झाली. टाक्या, तळघर, आणि धरणाच्या बाजूला सगळी काच असलेली एक खोली. तिला ते टेस्टिंग रूम म्हणतात. गाव म्हणतं चाखायची खोली. उद्घाटनाला तुम्ही. आणि व्यासपीठावर तुमच्या शेजारी कोण? सिंधुबाई. महिला मंडळाच्या अध्यक्षा म्हणून त्यांना बोलावणं तुमच्याच माणसानं आणलं होतं. तुम्ही म्हणालात, "काही लोकांचा गैरसमज आहे. वाईन म्हणजे दारू नव्हे. वाईन हा फळाचा रस आहे. आपल्या शेतकऱ्याच्या घामाचा रस आहे!" पुन्हा नारळ दिलात. सिंधुबाईंनी पदरात घेतला.

त्यांनी विश्वास ठेवला. एवढीच त्यांची चूक. ज्या माणसानं दारू ती दारूच म्हणून सांगितलं, तोच ही दारू नव्हे म्हणतोय, म्हणजे नसणार. त्याला माहीत असणार. त्यांना एक पोरगी होती, मंजुषा. बारावी झालेली, इंग्रजी बोलण्याचा क्लास केलेली, गणेशवाडीला पाटी घेऊन बसायला लाजणारी. कंपनीला गावातली मुलगी हवी होती. सिंधुबाईंनी स्वतः तिला घेऊन जाऊन कामाला लावलं.

माझा तिथे संबंध जीपचा. शनिवार-रविवार मुंबईचे पाहुणे नाशिकरोडला उतरायचे, मी त्यांना वर न्यायचो. ते चाखायचे, मी अंगणात बसायचो. काच असल्यामुळे आतलं सगळं दिसायचं, दार उघडं असलं की ऐकूही यायचं. पाहुणे पेला धरतात तो दांडीला. मग गोल फिरवतात. मग नाक आत घालतात आणि डोळे मिटतात. कुणाला मिरीचा वास येतो, कुणाला चिंचेचा, कुणाला जुन्या लाकडाचा. एका बाईला घोड्याच्या खोगिराचा आला. त्या बाईनं खोगीर कधी हुंगलं होतं, हे तिलाच ठाऊक. मग घोटभर घ्यायचं, तोंडात खेळवायचं, आणि टेबलावर एक स्टीलचं बकेट असतं त्यात थुंकायचं. थुंकणारे थोडे. बहुतेक गिळतात आणि पुढच्या पेल्याकडे बघतात. जाताना आवाज चढलेले असतात. एकजण माझ्या जीपमध्ये ओकला आणि म्हणाला, "सॉरी बॉस, खाली पेट था." फळाच्या रसानं ओकला, असं मी धरून चाललो.

मंजुषा पेले भरायची आणि बोलायची. काळी पँट, पांढरा शर्ट, केस मागे घट्ट. "आधी नाक, मग जीभ. घाई नाही करायची." हे ती मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत सांगायची. मला गंमत वाटायची. आमच्या गावातही नाकच आधी.

पोरगी तिथे फुलली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. घरात जी मान खाली घालून असायची ती तिथे कोट घातलेल्या लोकांना थांबवायची, "नाही सर, ही आधी नाही, ही शेवटी." आणि ते ऐकायचे.

वर्ष गेलं. संक्रांत आली. सिंधुबाईंच्या घरी हळदीकुंकू होतं. माझी बायको तिथे होती, तिनं मला शब्दन् शब्द सांगितला. नाथाची बायको लंकाबाई आली. दुकान गेल्यापासून नाथा वायनरीच्या फाटकासमोर पाहुण्यांना काकड्या आणि पेरू विकतो, तिखटमीठ लावून. लंकाबाईनं वाण घेतलं, कुंकू लावून घेतलं आणि हातातल्या तिळगुळाकडं बघत म्हणाली, "तिळगूळ घेते, सिंधुबाई. पण गोड बोल म्हनू नको."

"काय झालं?"

"झालं ते तवाच झालं. मी एकच इचारते. माझ्या नाथानं वाटली ती दारू, आन् तुझी मंजी वाटती ते तीर्थ?"

सिंधुबाई म्हणाल्या, "साहेब म्हनले, रस हाय."

"त्वा बघितला?"

"नाय."

"मग चल की. समद्याच जाऊ. रस आसंल तर मी तुझ्या पाया पडंन, या समद्या बायांदेखत. आन् नसंल तर..."

"नसंल तर काय?"

"नियम तुझाच हाय. मी काय सांगू तुला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी जीप भरली. पाहुण्यांच्या जागी नऊवारीतल्या, गोल साडीतल्या बायका. पुढच्या सीटवर गोजराबाई, गावातली सगळ्यात म्हातारी, दात सगळे गेलेले, जीभ शाबूत. ती मला म्हणाली, "आरं, पाहुन्यांना नेतो तशी ने. आम्हाला बी गानं लाव."

फाटकात नाथानं आम्हाला पाहिलं आणि हातातली काकडी चिरायचा तो थांबला. लंकाबाईनं तिकडं मान सुद्धा वळवली नाही.

तिथला मॅनेजर शौनक, इंदिरानगरचा मुलगा. शिकलेला, नम्र. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितोय, कारण उद्या तुम्ही सगळं त्याच्यावर ढकलाल. एवढ्या बायका एकदम बघून तो आधी गडबडला, मग हात जोडून म्हणाला, "या ना, मावशी. मंजुषाच्या आई कोण? तुम्ही? अहो, मग तुम्ही तर घरच्याच." तिकीट घेतलं नाही. मंजुषाला बोलावलं आणि सांगितलं, "पाहुण्यांना दाखवतेस तसं सगळं दाखव."

मंजुषा आईकडे बघायची नाही, इतरांकडे बघून बोलायची. इथे द्राक्षं येतात, इथे चिरडतात, या टाकीत आंबतात. 'आंबतात' म्हणताना तिचा आवाज खाली गेला. मग तळघर. तिथे गार अंधार आणि भिंतभर बाटल्या, एकावर एक, सगळ्या आडव्या ठेवलेल्या.

गोजराबाईनं कपाळाला हात लावला. "आगं सिंधे, हितं तर समद्या आडव्याच! यांचं मतदान कवा झालं गं?"

बायका फुटल्या हसून. सिंधुबाईसुद्धा हसल्या. मंजुषाही हसली, आणि क्षणभर ती आमच्या गल्लीतली पोर दिसली. शौनकला काही कळलं नाही, तोही शिष्टाचार म्हणून हसला. तो म्हणाला, "बूच ओलं राहावं म्हणून आडव्या ठेवतात, मावशी." गोजराबाई म्हणाली, "आमच्याकडं बूच कोरडं पडावं म्हनून ठेवत्यात."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मला वाटलं, बघतील, हसतील, परत येतील.

मग चाखायची खोली. काचेबाहेर धरणाचं पाणी. एका टेबलाशी पुण्याकडचं एक जोडपं बसलेलं. शौनकनं बायकांसाठी पेले मांडले, तळाशी थोडी थोडी लाल ओतली. एकीनंही हात लावला नाही. गोजराबाईनं तेवढा पेला उचलून नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "आंबलंय गं," ती म्हणाली. एवढंच. जसं ती ताकाबद्दल म्हणाली असती.

शौनकला वाटलं, बायका बुजल्या. त्याला पोरीचं भलं करायचं होतं. तो सिंधुबाईंकडे वळला आणि म्हणाला, "काकू, तुम्हाला एक आनंदाची गोष्ट सांगायची होती, बरं झालं आज आलात. मंजुषाला आम्ही सहा महिन्यांच्या कोर्सला बंगळूरला पाठवतोय. खर्च कंपनीचा. आल्यावर ही खोली तीच सांभाळणार. अहो, तिच्या जिभेला तोड नाही! रोज बाटली उघडली की पाहुण्यांना द्यायच्या आधी तीच चाखते. बिघडलेली बाटली एका घोटात ओळखते. आत्ताच, तुम्ही यायच्या आधी दोन चाखल्या तिनं."

त्याला वाटलं, आई खूश होईल.

लंकाबाईनं पदर सारखा केला. तिला बोलायची गरज उरली नव्हती.

मंजुषा घाईनं म्हणाली, "आई, मी गिळत नाही. थुंकते. हे बघ, हे बकेट त्याच्यासाठीच आहे. पाहुणे पण थुंकतात."

गोजराबाई पुटपुटली, "थुकायचं तर तोंडात घ्यायचं कशाला?"

सिंधुबाई उठल्या. टेबलाला वळसा घालून पोरीसमोर उभ्या राहिल्या. पोरगी त्यांच्यापेक्षा टाचभर उंच. त्या म्हणाल्या, "हा कर."

"आई, इथे नको."

"हा कर, मंजे."

पुण्याच्या जोडप्यातला माणूस खुर्चीत वळून बघायला लागला. त्याला तो कार्यक्रमाचाच भाग वाटला असावा. मंजुषानं तोंड उघडलं आणि हा केला. सिंधुबाईंनी वास घेतला. घाई केली नाही. पाहुण्यांसारखे त्यांनी डोळेही मिटले.

"येतो," त्या म्हणाल्या.

बस्स. आरडाओरडा नाही, थप्पड नाही. शौनकला हात जोडले, "येतो आम्ही, साहेब," म्हणाल्या आणि जीपमध्ये येऊन बसल्या. परतीच्या वाटेवर कुणी गाणं लाव म्हणालं नाही.

संध्याकाळी मंजुषा ड्यूटी संपवून कंपनीच्या गाडीतून उतरली आणि घराकडे आली. सिंधुबाई दारात उभ्या होत्या. गल्लीतल्या बाकीच्या दारांतही बायका होत्या. लपून नाही, उघड. प्रत्येकीनं आपापल्या दारात कुणाला ना कुणाला अडवलं होतं.

"आई, मी चूळ भरलीय."

"तुझ्या बापानं बी भरली व्हती."

"मी काय चोरी केली का गं? तूच नेऊन सोडलंस ना मला?"

"मीच सोडलं. नोकरी सोड आसं मी म्हननार नाय. साहेबांनी सांगितलं, म्या ऐकलं, ती माझी गोष्ट. पन उंबरा नाय, मंजे."

"मी पीत नाही!"

"वासाला गिळनं-थुकनं कळत नाय."

मंजुषा तिथेच उभी राहिली. रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. म्हणाली, "मला हे काम येतं, आई. दुसरं कुठलंच काम मला इतकं आलेलं नाही. मी सोडणार नाही." आणि पाठ फिरवून ओट्याकडे चालू लागली. पांढऱ्या शर्टात, काळ्या पँटमध्ये. ओट्यावर बसलेली ती पहिली बाई.

सिंधुबाईंनी घरातून घोंगडी घेतली आणि मागोमाग गेल्या. पोरीशेजारी बसल्या. लंकाबाई धावत आली, "तू कशाला बसती गं?"

"बापे एकटे बसले. पोर एकटी बसनार नाय."

ताट कुणी आणलं? पुंजारामनं. त्याच्या भाकरीला ना गोल आकार ना पापुद्रा. दोघींपुढं ठेवून तो खालच्या पायरीवर बसला. तो त्या ओट्यावरचा पहिला मानकरी, त्याला जागा ओळखीची होती. म्हणाला, "वाऱ्याकडनं त्या खांबाच्या आड सरका. हितं गार कमी लागतं."

साहेब, नाशिकची जानेवारीतली थंडी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही ती हिटर लावून पाहिलेली असेल.

तेव्हापासून हे चालू आहे. सकाळी पोरगी कामावर जाते, बाटल्या चाखते, थुंकते. संध्याकाळी येते. आई हा करायला लावते. वास येतो. दोघी ओट्यावर. आई तिच्याशी भांडत नाही, ती आईशी भांडत नाही. पोरगी कोर्सचं इंग्रजी पुस्तक वाचते, आई दुसऱ्या दिवशीचे हार ओवते. मध्ये मी पाहुण्यांना परत नेत होतो, तर एका बाईनं जीप थांबवायला लावली आणि देवळासमोर शेजारी शेजारी जेवणाऱ्या मायलेकींचा फोटो काढला. "किती छान ना, अजून असं एकत्र जेवतात लोक," ती म्हणाली. तिला पेले भरून देणारी हीच मुलगी होती, तासाभरापूर्वी. तिनं ओळखलं नाही. मंजुषानं ओळखलं आणि पुस्तक तोंडापुढं धरलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी लंकाबाईच आली. ओट्याखाली उभी राहिली. "पुरे झालं, सिंधुबाई. ऊठ. म्या रागाच्या भरात बोलले. पोरीला घेऊन घरात जा."

सिंधुबाई म्हणाल्या, "घेऊन जाते. मग ती दारू नव्हं आसं झालं. मग बाकीच्यांना कोन्त्या तोंडानं आडवू? आन् दारू आसंल तर वरची खोली बी बंद व्हायला पायजे, तुझ्या नाथासारखी. दोन्हीपैकी एक सांग, मी उठते."

लंकाबाईनं अंगावरची शाल काढून पोरीच्या पायांवर टाकली आणि गेली.

आणि मग सिंधुबाईंना जी भीती होती तेच झालं. गावातला यादव, एक नंबर बेवडा, नियमापुढं सरळ झालेला. परवा तो झुलत दारात आला. बायको म्हणाली, हा करा. त्यानं छाती काढून हा केला आणि म्हणाला, "वाईन हाय! इचार सिंधुबाईला, वाईन दारू नसती. साहेब बोललेत माईकवर." बायको तशीच ओट्याकडे धावली. "सिंधुबाई, सांगा, घेऊ का आत?" यादवनं वाईन प्यायली होती की धाब्यावरची देशी, देव जाणे. सिंधुबाईंनी पोरीकडं बघितलं, ओट्याकडं बघितलं. यादव घरात जाऊन झोपला. त्या संध्याकाळी आणखी दोघे तसेच घरात गेले. नाथानं तर बातमी सोडलीय की फाटकासमोरच वाईनच्या दुकानाचं लायसन मागणार. काकड्या विकून कंटाळलाय.

म्हणून मी सिंधुबाईंना जीपमध्ये घालून तुमच्या ऑफिसात आणलं. तुम्ही ओळखलंत. "या या, अध्यक्षबाई," म्हणालात. चहा मागवलात. त्यांनी चहाला हात न लावता विचारलं, "साहेब, ती दारू हाय का नाय?"

तुम्ही म्हणालात, "हा धोरणाचा विषय आहे. वाईन ही फळप्रक्रिया उद्योगात येते."

"म्हंजे नाय?"

"असं सरळ सांगता येत नाही. लायसन तर लागतंच. वयाची अटही आहे."

"म्हंजे हाय?"

तुम्ही हसलात. तुमच्या शेजारचा कारकून पण हसला.

सिंधुबाई म्हणाल्या, "धोरन ऱ्हाऊ द्या, साहेब. माझी पोर संध्याकाळी दारात येती. तिला मी घरात घेऊ का नको, एवढंच सांगा."

आणि तुम्ही म्हणालात, साहेब, मी तिथेच तुमच्या दारातल्या बाकावर होतो, मी ऐकलं: "बाई, तो तुमचा घरगुती प्रश्न आहे."

घरगुती! पहिल्या भाषणात तो गावाचा प्रश्न होता, सरकारचा प्रश्न होता. नाथाचं दुकान उठवताना सरकारचा. कंपनीची काच पुसताना घरगुती. शाल द्यायला तुम्ही, नारळ द्यायला तुम्ही, आणि थंडीत बसायला सिंधुबाई.

त्या जिन्यावरून उतरल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊ, साहेबांना आपला प्रश्न कळला नाय वाटतं." त्यांना अजून वाटतं, तुम्हाला कळला नाही. मला तसं वाटत नाही. म्हणून मी लिहितोय आणि जिथं छापलं जाईल तिथं देतोय.

पुढच्या आठवड्यात मंजुषाला बंगळूरला जायचंय. तिची बॅग पुंजारामनं भरून ठेवलीय, पण ती घरात आहे आणि पोरगी बाहेर. मंजुषा म्हणते, "जाईन तर घराच्या दारातून जाईन, आईच्या पाया पडून. ओट्यावरून पळाल्यासारखी जाणार नाही." सिंधुबाई म्हणतात, "आमी आडानी. साहेबांनी सांगावं, आन् मी तसं करंन. दारू हाय म्हनले तर वरच्या फाटकात बसंन, समद्या बायांना घेऊन. नाय म्हनले तर पोरीला कुंकू लावून उंबऱ्यातून आत घेईन आन् नियम मोडला म्हनून चार बायांत सांगंन." दोन्हीला तयार आहे ती बाई. तुम्ही एकालाही तयार नाही.

धोरण सांगू नका. खातं सांगू नका. तुमची बदली झाली असेल तर तेही सांगू नका. भाषणं तुमच्या तोंडानं झाली, खुर्चीच्या नाही. दोन भाषणांतलं खोटं कोणतं ते बोला. आता उन्हं कलली आहेत. कंपनीची गाडी पोरीला सोडायला निघाली असेल, आणि पुंजाराम परातीत पीठ घेऊन माझ्यासमोर बसलाय, थांबलाय.

त्यानं आजचं ताट कुठं वाढायचं, साहेब? घरात की ओट्यावर?